नागाईच्या टेकाडावरची खापरं

पाहुणे, चपला काढू नका. नागाई देवीची जागा असली तरी या टेकाडावर अनवाणी चढायचा रिवाज नाही. खापरांनी तळपाय कापतात. आमच्या आडगव्हाणचं हे टेकाड वरून मातीचं दिसतं, आतून निव्वळ फुटक्या मडक्यांचं आहे. काळी, तांबडी, नक्षीची, इतक्या गावांची खापरं एका जागी तुम्हाला दुसरीकडं दिसायची नाहीत.

ते दोन चर दिसतात ना, ते उत्खननवाल्यांचे. अलीकडच्या चरातले सर म्हणतात, इथले राजे समुद्राकडून घाट चढून आले. पलीकडचे म्हणतात, उत्तरेकडून नदी ओलांडून आले. दोघांकडं पुरावे आहेत, आणि एक सर चहाच्या टपरीवर असले की दुसरे तिथं येत नाहीत. पण हे भांडण त्यांनी आणलेलं नाही. ते इथलंच आहे, फार जुनं.

असं सांगतात, की इथल्या राजानं मुलासाठी शेजारच्या राजाची लेक मागितली. सोयरिकीच्या बैठकीत व्याह्यानं सहज विचारलं, "आपलं मूळ गाव कोणतं?" राजाला सांगता येईना. बैठक मोडली. दरबारात दोन तट पडले; एक म्हणे समुद्राकडचे, एक म्हणे नदीपलीकडचे. शेवटी एका म्हाताऱ्या कारभाऱ्याला आठवलं, की पूर्वी नव्या जागी घर करणारा माणूस पहिली चूल मांडायचा, ती सोडून आलेल्या गावाकडं तोंड करून. तेव्हा मूळपुरुषाची चूल शोधायची, म्हणजे वाद मिटला.

जागा ठरली ती नागाई कुंभारणीच्या दारातली. तिचा मडकी भाजायचा आवा मोडला, आणि मातीतला जाणता म्हणून तिचाच एकुलता एक लेक, सटवा, खणायला लावला. खड्डा म्हणे इतका खोल गेला, की वरून न्याहारीला मारलेली हाक खाली दुपारच्या जेवणाला पोचायची. काढलेली माती काठावरच रचत गेले. आणि एके दिवशी सटवा तळातून ओरडला, "चूल घावली!"

दोन्ही तट धावले आणि त्या मातीच्या ढिगांवर चढून वाकले. "तोंड कुणीकडं?" "आमच्याकडं ना?" सटवानं वर बघून बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात काठ खचला. वरचे हातपाय मारत बाहेर निघाले. सटवा राहिला.

नागाई फावडं घेऊन धावली, तर भालाईतांनी तिला अडवलं. माती उपसताना चूल हलली तर? समुद्रवाले म्हणाले, नदीवाल्यांच्या माणसांनी हात लावायचा नाही, ते चूल फिरवतील. नदीवाले तेच म्हणाले. नागाई राजापुढं गेली.

"महाराज, तुमच्या चुलीला धक्का लावत नाही. कडेकडेनं काढते. माझं पोर तेवढं द्या."

राजा म्हणाला, "चुलीचं तोंड कुणीकडं होतं, हे तो शेवटी काही बोलला का?"

नागाई माघारी फिरली. कुणी उपसायचं ते ठरता ठरता पाऊस आला आणि खड्डा चिखलानं भरला. मग तिनं घरातली मडकी एकेक करून त्यात फोडली आणि म्हणाली, "या जागी जो खणंल, त्याला जे पाहिजे तेच सापडंल. भांडा आता जन्मभर."

तिच्यामागून गावातल्या सुना निघाल्या. जिनं तिनं माहेराहून आणलेलं भांडं खड्ड्यावर आपटलं. भालाईत दटावू लागला तेव्हा एक जण म्हणाली, "तुमच्या राजाचं मूळ शोधायला पाताळ खणलं. आम्ही कुठनं आलो, हे कुणी विचारलं का कधी?" भालाईत बाजूला झाला, त्याच्या घरचं मडकंही त्यात होतं. तो राजा गेला, त्याचं राज्य गेलं, नावसुद्धा उरलं नाही. सोयरीकही जमली नाही म्हणे.

आजही आडगव्हाणात नवी नवरी उंबरठा ओलांडायच्या आधी इथं येते, माहेरचं मडकं फोडते, मग सासरी जाते. माझ्या बायकोनंही फोडलं होतं. त्याचा काठ मागच्या हिवाळ्यात मी पलीकडच्या सरांच्या टेबलावर पाहिला, सोबतच्या चिठ्ठीवर काळ फार जुना लिहिला होता. घरी सांगितलं नाही. वयाचा विषय तिला आवडत नाही.

हसा, हसा. पण नागाईचा शब्द खरा ठरला. समुद्रवाल्यांना समुद्र सापडला, नदीवाल्यांना नदी. कुणाला मोती मिळाले, कुणाला नाणी. रिकाम्या हातानं इथनं कुणी गेलं नाही. सटवाचं हाड मात्र अजून कुणाला सापडलेलं नाही.

ते शोधायला कुणी आलंच नाही.