मिश्रीने गप्प झालेली हिरडी

ही गोष्ट मला आठवते तशीच होती की नाही, याची खात्री देता येत नाही. फार पूर्वी गोदाक्का नावाच्या कोष्टिणीच्या तोंडात एक दाढ होती आणि तिला धरून ठेवणारी एक हिरडी. गोदाक्काने चाळिशी ओलांडली, तसे दात घासताना हिरडीतून रक्त येऊ लागले.

"रोज कसला तमाशा मांडतेस गं?" दाढ म्हणाली.

"दाढताई, तुझ्या मुळाशी घाण साचलीय. मी दुसरं कसं सांगणार?"

रक्त पाहून गोदाक्काने तिथे घासणेच सोडले. शेजारणीच्या सांगण्यावरून ती जाळलेल्या तंबाखूची पूड, म्हणजे मिश्री, दोन वेळा लावू लागली. महिन्याभरात रक्त थांबले.

"बघ, सुधारलीस की," दाढ म्हणाली.

"सुधारले नाही, मला गप्प केलंय. तुला धरायचं बळ रोज कमी होतंय माझं."

"तुझी आपली सदा कुरकुर."

दोन वर्षांनी मऊ भाताच्या घासाबरोबर दाढ निखळून गोदाक्काच्या तळहातावर आली. तिला कुठेही कीड नव्हती.

तंबाखूने हिरडीचे रक्त दिसेनासे होते आणि रोग आत वाढतच राहतो, हे मी पुढे बऱ्याच वर्षांनी एका दंतवैद्यांना दोनदा विचारून पक्के केले.