घुशीचं भुयार आणि सरड्याचे नारळ

फार जुनी गोष्ट. माळावरच्या प्राण्यांना पाण्यासाठी नदीवर जायचं तर मधला गाडीरस्ता ओलांडावा लागे, आणि दर आठवड्याला कुणीतरी चाकाखाली सापडे. शेवटी सर्वांनी घुशीला रस्त्याखालून भुयार खणायला सांगितलं. पुढारी सरड्याने वडाखाली नारळ फोडला आणि घुशीने नाकासमोर खणायला घेतलं.

दुसऱ्याच दिवशी ससा धावत आला. "घूसमावशी, भुयार हवंच, पण माझ्या बिळाखालून नको. भिंती हादरतात!"

घूस वळली. तिथे मुंगूस उभा. "खालून नको, पण माझ्या दाराशी एक तोंड काढा."

ते काढलं, तर साळिंदर फणकारला, "मग आम्ही काय तुमचं घोडं मारलंय?"

घूस पुन्हा वळली. दर वळणाला सरडा नवा नारळ फोडी.

"अरे, नदी समोर आहे!" घूस ओरडे.

"खोबरं घ्या," सरडा म्हणे.

अखेर उद्घाटन झालं. सगळे वाजतगाजत भुयारात शिरले, वळत वळत चालले आणि बाहेर आले, तर समोर तोच वड आणि त्याच करवंट्या! रस्ता ओलांडायचा तो राहिलाच होता.

सरड्याने घसा खाकरला. "नदी पुढच्या टप्प्यात!"

टाळ्या पडल्या.

घुशीने कपाळावर हात मारला. "टप्पा येईल तेव्हा येईल. मला आत्ता तहान लागलीय," म्हणत ती रस्त्याच्या कडेला जाऊन कान टवकारून उभी राहिली.

टाळ्या थांबल्या. मग एकेक जण निमूटपणे तिच्यामागे रांगेत येऊन उभा राहिला.