गार अंगठा

"देह जर नाशिवंतच आहे, महाराज, तर त्याच्यासाठी कुणाच्या खिडकीसमोर का उभं राहायचं?"

सोमगीर महाराज मठाच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाचा देह?"

भालचंद्र सोनटक्के थबकले.

"...हिचा."

महाराजांनी आणखी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

सोनटक्के पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. नोकरीत असताना लोक त्यांच्या दाराबाहेर बाकावर ताटकळायचे. ते स्वतः कुणाच्या दाराबाहेर बसल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. आता ते रोज सकाळी मठात येत आणि प्रश्न विचारत. प्रश्न चांगले असत.

पण गेल्या पावसाळ्यापासून त्यांच्या पत्नीला, इंदुमतीबाईंना, अंगणात जाऊन आलं तरी धाप लागायची. हृदयाची एक झडप नीट उघडत नव्हती. ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सत्तरी ओलांडलेल्यांना सरकारचं आरोग्य विम्याचं कार्ड मिळतं, त्यात हे ऑपरेशन बसतं, हेही त्यांनीच सांगितलं. हैदराबादच्या मुलीने फोनवरून बरीच खटपट केली. कार्ड काही निघेना. आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला. चेहरा दाखवावा, तर आधारच्या फोटोतली भरल्या गालांची बाई आणि आताच्या इंदुमतीबाई यांचा मेळच लागत नव्हता. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, सरकारी दवाखान्यात मदतीची खिडकी असते, तिथे आरोग्यमित्र बसतात. आईला घेऊन समक्ष जा."

सोनटक्के गेले होते. एकटेच. फाटकातून रांग पाहिली आणि परत फिरले. घरी म्हणाले, आज खिडकी बंद होती.

महाराजांनी सूप बाजूला सारलं.

"रिक्षा बोलाव."

"कुठे जायचंय?"

"दवाखान्यात. वाटेत इंदूला घे."

"तुम्हाला बरं वाटत नाही का, महाराज?"

महाराज पायानेच चपला चाचपत होते. मग त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसली होती. सोनटक्के दारातच थांबले.

"इथले अधीक्षक माझ्या ओळखीचे आहेत," ते हळूच म्हणाले. "त्यांच्या खोलीत बसू. ते कुणाला तरी सांगून..."

महाराज रांगेच्या शेवटी जाऊन फरशीवर बसलेसुद्धा. शेजारच्या म्हातारीने सरकून जागा केली. इंदुमतीबाई भिंत धरत धरत गेल्या आणि त्यांच्याजवळ टेकल्या.

उभे राहिले ते एकटे सोनटक्के. मग तेही बसले, खाली हातरुमाल अंथरून.

रांग सरकत राहिली. खिडकीत रेश्मा तांबोळी नावाची मुलगी होती.

"बोला काका."

"सदर प्रकरणी असं आहे की, लाभार्थीच्या नोंदणीबाबत तांत्रिक स्वरूपाची जी अडचण..."

"काका, काय झालंय?"

सोनटक्क्यांनी मागे वळून पाहिलं. महाराज शेजारच्या म्हातारीला तिच्या शेळीचं विचारत होते. त्यांचं लक्षच नव्हतं.

"माझी बायको आजारी आहे," सोनटक्के म्हणाले. "आणि मला हे जमत नाहीये, बेटा... मदत कर."

वाटलं होतं, सगळा व्हरांडा आपल्याकडे बघेल. कुणीही बघितलं नाही. मागचा माणूस खोकला, एवढंच.

"करू की," रेश्मा म्हणाली, आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन बाहेर आली.

ती इंदुमतीबाईंसमोर उकिडवी बसली. त्यांचा अंगठा यंत्रावर ठेवला. लाल दिवा. पदराने पुसून पुन्हा ठेवला. पुन्हा लाल.

"काकू, किती गार पडलाय हो हात." तिने सोनटक्क्यांकडे पाहिलं. "काका, जरा हातात धरून बसा. ऊब आली की लागेल अंगठा. तोवर मी पुढच्यांचं बघते."

"मी?"

"मग कोण?"

इतक्या वर्षांच्या संसारात सोनटक्क्यांनी चारचौघांत बायकोचा हात धरला नव्हता. देवळात जातानाही ते पुढे चालायचे, त्या मागून यायच्या. आता त्यांनी तो हात दोन्ही तळव्यांत घेतला. फार हलका लागला. नखं निळसर दिसत होती. ती कधीपासून निळी झाली, हे त्यांना सांगता आलं नसतं.

"अहो, लोक बघतायत."

"बघू दे."

"त्या दिवशी खिडकी बंद नव्हती ना?" इंदुमतीबाईंनी हळूच विचारलं.

"...नव्हती."

थोड्या वेळाने त्यांनी दुसरा हातही त्यांच्या हातांत दिला.

रेश्मा परत आली. अंगठा ठेवला. या वेळी हिरवा दिवा लागला.

"लागला," ती म्हणाली. "कार्ड होईल आता. ऑपरेशनच्या मंजुरीचे कागदही मीच पाठवते. परवा या. फोन करत बसू नका काका, सरळ इथंच या."

"येतो," सोनटक्के म्हणाले. "दोघंही येतो."

बाहेरच्या पायऱ्या उंच होत्या. रिक्षा फाटकाशी उभी होती. इंदुमतीबाई वरच्या पायरीवर कठड्याला धरून दम खात होत्या. महाराज मागून सावकाश येत होते.

सोनटक्के लगबगीने मागे वळले.

"महाराज, पायऱ्या अवघड आहेत. हात द्या तुमचा."

महाराजांनी हात दिला नाही. त्यांनी कठड्याशी उभ्या असलेल्या इंदुमतीबाईंकडे पाहिलं...

"मला काठी आहे."