न्यायाच्या नगाऱ्याचा मंडप

चंपकपुरात राजा रुचिवर्मा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने त्याचा अमात्य भद्रक म्हणून जन्म घेतला होता.

ज्याच्यावर अन्याय होईल त्याने वाजवावा, म्हणून राजाने वेशीवर नगारा ठेवला होता. सात वर्षांत त्यावर एकदाही टिपरी पडली नाही. राजा इतका हरखला, की नगाऱ्यासाठी सात मजली मंडप बांधायला निघाला.

एके दिवशी उत्पला नावाची विणकरीण अमात्यांच्या दारी आली.

"बाबांना वेठीला धरून नेलंय. छातीत कफ भरलाय, पाट्या वाहून मरतील ते. दादा नगारा वाजवायला गेला, तोही परतला नाही. आता मी गेले तर चूल पेटवायलाही कुणी उरणार नाही!"

अमात्य जाडेभरडे वस्त्र नेसून स्वतःच निघाले. नगाऱ्यापाशी मुकादम गोमुख पान चघळत बसला होता.

"नगारा वाजवायचाय," अमात्य म्हणाले.

"वाजवा की! मंडप पुरा झाला की वाजवा. तोवर हातभार लावा." त्याने अमात्यांच्या डोक्यावर पाटी ठेवलीसुद्धा. "सगळे तक्रारवाले इथंच आहेत. ओळख करून घ्या."

बोटातली राजमुद्रा दाखवली असती तर अमात्य तत्काळ सुटले असते, पण एकटेच. त्यांनी ती कनवटीला खोचली आणि उत्पलाच्या बापाची पाटी आपल्या पाटीत रिकामी करून घेतली.

दुपारी राजा काम पाहायला आला.

"अमात्य, हे काय?"

"वेठीची तक्रार करायला आलोय, महाराज. माझ्यापुढे एकशेचाळीस जण आहेत."

"माझ्या राज्यात वेठ? कोण म्हणतो?" राजा गरजला.

मुकादमाने चाबूक हळूच मांडीवर आपटला. सगळे एका सुरात म्हणाले, "आम्ही आपखुशीनं आलोय!"

"ऐकलंत?"

"ऐकलं. मग त्यांना आपखुशीनं जाताही येत असेल. तेवढं आपल्या तोंडून होऊन जाऊ द्या."

"ज्याला जायचंय त्यानं खुशाल जावं!" राजा ऐटीत म्हणाला.

पाट्या धडाधड खाली पडल्या. उत्पलाचा भाऊ बापाला पाठुंगळी घेऊन केव्हाच पसार झाला. पहारेकरीही पळाले, कारण तेही वेठीचेच होते.

राजा फार ओशाळला. वेठ बंद झाल्याची दवंडी पिटायचे त्याने ठरवले, पण पिटायला माणूस उरला नव्हता. तेव्हा नगारा मुकादमाच्याच गळ्यात अडकवून त्याला गावभर फिरवले.

भिक्षूंना सांगत असलेली ही कथा संपवून त्यांचे गुरू, शास्ता, म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आपल्याला हा विहार देणारा श्रेष्ठी. उत्पला आज भिक्षुणीसंघात आहे. मुकादम म्हणजे नवख्या श्रामणेरांकडून पाय चेपून घेणारा हा तिस्स. आणि अमात्य मीच होतो."

तिस्साने पाय आखडून घेतले.

"स्वतःची सुटका हाती असताना सर्वांची वाट शोधणे," शास्ता म्हणाले, "ही प्रज्ञा."