पाणबुड्याच्या पाठीवरची खोली

फार पूर्वी, खेकडे अजून सरळ चालत होते तेव्हा, समुद्राच्या तळाशी तीन तुकडे झालेलं एक जहाज पडलं होतं. त्याच्या बॉयलरमध्ये बाबल खेकडा राहायचा आणि फुटक्या स्वयंपाकघरात ऑक्टोपसकाकू. तिथला रिवाज साधा होता. बुडबुडे सोडत वरून जे येईल ते बुडतंय असं समजायचं, आणि त्याला जो आधी हात लावेल त्याला त्यात खोली.

एके सकाळी पाठीवर हवेची टाकी बांधलेला एक पाणबुड्या खाली आला. बुडबुडे नुसते भसाभसा सुटत होते.

"चांगलाच गळतोय," बाबल म्हणाला. "टाकी माझी. हवेशीर दिसतेय."

"अरे, पण तो हातपाय हलवतोय," काकू म्हणाल्या. "जिवंत असेल."

"असू दे की. आपलं जहाजसुद्धा आधी हलतच होतं."

बाबलने टाकीचा पट्टा नांगीत घट्ट धरला. पाणबुड्याने जहाज डोळे भरून पाहिलं आणि तो निवांत वर निघाला.

"अहो, बुडणाऱ्याने वर जायचं नसतं," बाबल त्याला समजावत राहिला. पण पाण्याबाहेर येताच त्याच्याच तोंडाला फेस आला, नांगी सुटली आणि तो गरगरत, बुडबुडे सोडत तळाशी येऊन आदळला.

डोळे उघडले तर ऑक्टोपसकाकू आठही हातांनी त्याच्या पाठीची लांबी-रुंदी मोजत होत्या.

"काकू, मी जिवंत आहे."

"असू दे की," काकू म्हणाल्या आणि आत किती जागा आहे ते वाकून बघू लागल्या.

बाबल जो तिथून तिरका सुटला, तो अजून तिरकाच पळतोय.