साहेबांची अधांतरी सही

आमची चित्रा दहा वर्षांची, व्हीलचेअरवर असते. पूर्वी तिला खुर्चीसकट उचलून रिक्षात ठेवायचो. एकदा खुर्ची माझ्या हातातून निसटली, तेव्हापासून माझी झोपच उडाली. म्हणून आमच्या ह्यांनी रिक्षाची मागची बाजू कापून रॅम्प बसवून घेतला.

रिक्षा पास करायला नेली, तर तपासणीचे खर्डेकर साहेब पोट पुढे काढून आले.

"हा रॅम्प नामंजूर! काढून टाका. दोघांनी खुर्ची उचलायची, आत ठेवायची. त्यात काय अवघड आहे?"

मी म्हटलं, "साहेब, मी पडले सातवी शिकलेली, घाबरट बाई. तुम्ही एकदा बसून दाखवा, म्हणजे माझी भीती जाईल."

भोवती वीस-पंचवीस रिक्षावाले बघत होते. साहेब नाही कसं म्हणणार? चित्राला मी बाकावर बसवलं आणि साहेब ऐटीत तिच्या खुर्चीत बसले. दोन शिपायांनी खुर्ची उचलली. ती रिक्षाच्या काठाशी आली आणि शिपायांचे हात लटपटायला लागले.

"अरे, पाडाल मला! रॅम्प लावा, रॅम्प!"

बाकावरून चित्रा म्हणाली, "काका, डोळे मिटून घ्या. मी तसंच करायची."

आमचे हे रॅम्प लावायला धावले. मी म्हटलं, "अहो, थांबा! नामंजूर वस्तू साहेबांनाच कशी लावायची? त्यांच्या नोकरीवर येईल."

"मंजूर! मंजूर! आणा तो कागद!"

मी कागद साहेबांच्या पोटावर ठेवला. टेबलाची गरजच पडली नाही.