बाबाजीरावांची तसबीर आणि गेनबा

कुसुंबवाडीत गेनबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. इतका भोळा, की कुणी "जरा थांब" म्हटलं, तर "आता जा" म्हणेपर्यंत तिथंच उभा राही. मोठ्या मिनतवारीनं त्याला मोतीशेठच्या दुकानात काम मिळालं. निघताना बायकोनं बजावलं, शेठ सांगतील तसंच करायचं, डोकं चालवायचं नाही. गेनबाला हे फार सोपं वाटलं.

त्या वर्षी बाबाजीराव हिरवे यांची जन्मशताब्दी होती. गावच्या पंचायतीत बायकांना बसायला जागा मिळवून दिली, ती याच बाबाजीरावांनी. लाल पागोटं, झुपकेदार मिशा, करडी नजर. ते काय सांगून गेले, हे गावात कुणाला धड आठवत नव्हतं. पण मिशा सगळ्यांना पाठ होत्या. मोतीशेठनी हे हेरलं आणि दिसेल त्या वस्तूवर बाबाजीराव छापून आणायला सुरुवात केली.

आधी आल्या तसबिरी. गेनबानं त्या दारातल्या चपलांशेजारी रचून ठेवल्या. शेठ कळवळले. थोर माणसाला उंचावर टांगावं, हार घालावा, हात जोडावेत, असं त्यांनी समजावलं.

मग आले कप. गेनबानं भिंतभर खिळे ठोकले, एकेक कप उंच टांगला, एकेकाला हार घातला. गिऱ्हाईक कप मागायला आलं की त्याला हात जोडायला लावून तो परत पाठवी. शेठनी कपाळावर हात मारला.

"अरे, टांगतोस काय? चहा ओत आणि गिऱ्हाइकाच्या हातात दे."

मग आल्या कापडी पिशव्या. शाळेतल्या बाई पिशवी घ्यायला आल्या. गेनबानं पिशवीत कढत चहा ओतला आणि अदबीनं त्यांच्या हातात दिली. बाईंची साडी गेली, पिशवीही गेली. शेठनी बाईंची माफी मागितली आणि गेनबाला सुनावलं, की हे कापड आहे. कापडावर डाग दिसला की साबण लावायचा, दगडावर आपटायचं, पिळायचं, वाळत घालायचं. आणखी एक चूक झाली तर कायमचं घरी बसायचं.

गेनबा घोकत राहिला. कापड, डाग, साबण, दगड.

शताब्दीच्या दिवशी सकाळीच बाबाजीरावांची नात यमूताई मूळ चित्र घेऊन आली. पुरुषभर उंचीचं, कापडावर रंगवलेलं. सगळा माल त्यावरूनच छापलेला. पुढारी मांडवात त्याचं अनावरण करणार होते. आजोबांची एवढीच खूण उरली आहे, सांभाळा, असं सांगून ती मांडवात जाऊन बसली. गेनबानं निरखून पाहिलं. कापड होतं. गालावर डाग होता. तो बाबाजीरावांचा तीळ आहे, हे त्याला कोण सांगणार? त्यानं चौकटीतून कापड सोडवलं आणि नदीची वाट धरली.

परत आला तेव्हा कापड बगळ्यासारखं पांढरं झालं होतं. शेठ मटकन खाली बसले. तेवढ्यात पुढाऱ्यांची गाडी वेशीत आल्याची वर्दी आली.

"चौकटीत बाबाजीराव दिसले पाहिजेत," शेठ रडवेल्या आवाजात म्हणाले. "काय वाटेल ते कर. आणि कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडू नकोस." एवढं बोलून ते वेशीकडे पळाले.

गेनबानं लाल पागोटं बांधलं, कोळशानं मिशा काढल्या आणि तो मंचावर पडद्यामागे ठेवलेल्या चौकटीत जाऊन उभा राहिला.

पुढारी मंचावर आले. तिथं शेठनी अगदी नवा माल अंथरून ठेवला होता, बाबाजीराव छापलेली पायपुसणी. पुढाऱ्यांनी दोरी ओढली. पडदा सरकला. शेठनी डोळे गच्च मिटून घेतले. यमूताईनं तोंडाला पदर लावला. पुढाऱ्यांनी फोटो चांगला यावा म्हणून चष्मा काढून ठेवला होता. त्यांनी हार घातला, चित्र अगदी जिवंत आहे म्हणून वाखाणलं आणि भाषण सुरू केलं. ते चांगलंच रंगलं. शेवटी गळा दाटून आणून ते चौकटीकडे वळले.

"बाबाजीराव, आम्ही तुमच्या पावलावर पाऊल ठेवून उभे आहोत. आमचं काही चुकत असेल, तर काय चुकतंय ते तुम्हीच सांगा."

विचारलं होतं. गेनबाला हायसं वाटलं.

"पावलावर नाही, साहेब," तो म्हणाला. "माझ्या तोंडावर उभे आहात. जरा बाजूला व्हा."